ढोल सोपा, मींड अवघड
बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या एखाद्या पोराला गणपतीच्या मंडपातल्या पडद्यावर ढोलाच्या ठेक्यासरशी उसळणारं चित्र हवं असेल, तर साधा लॅपटॉप पुरतो. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, त्यातले समजा २,०४८ एका वेळी उचलतो आणि त्या तुकड्यात कोणती कंप्रता किती जोरात आहे ते काढतो. फूरिएच्या गणिताची ही झटपट रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडली. खालच्या कंप्रतांचा जोर एकदम वाढला की ढोल पडला, चित्र फुगवा. इतकं सोपं. ताशाची तडतड वरच्या कंप्रतांत पसरते, तिच्यावर वेगळं काहीतरी हलवावं (बहुतेक ठिकाणी तेवढी तसदी कोणी घेत नाही, सगळं एकाच ठोक्यावर धडधडतं). खरी पंचाईत गाण्याची. बेळगावजवळच्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी मींड लावून बघा: सूर सरकतो, जोर जेमतेम बदलतो आणि जोर मोजणारं चित्र ढिम्म हलत नाही. तिथे सूर कुठून कुठे चालला याचा माग काढावा लागतो. आणि तंबोरे घुमत असले, की प्रोग्रॅम गवयाला सोडून त्यांच्याच मागे लागतो.