गणित कच्चं असलेल्या मुलांसाठी

दहावीचा निकाल लागला की कारंज्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो : ‘‘पोट्ट्याचं गणित कच्चं आहे, त्याले इंजिनिअरिंग जमन काय?’’ जमेल. फक्त अकरावी-बारावीच्या वाटेनं त्याला ढकलण्याची घाई करू नका.

त्या वाटेवरच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. प्रश्न तिन्ही विषयांना ५०च, पण गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. ज्याचं गणितच लंगडं, त्याला तिथं फार मार बसतो.

अशा मुलानं पॉलिटेक्निकचा अर्ज भरावा. दहावीत ३५ टक्के असले तरी तो पात्र ठरतो. जागा मात्र गुणवत्ता यादीनुसारच मिळते. शासकीय तंत्रनिकेतन मूर्तिजापूरला आहे, वाशिमलाही आहे. तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. यादीत नंबर लागला नाही, तर दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

पण डिप्लोमाला गेलं की गणित सुटलं, असं जे सांगतात ते मुलांचं नुकसान करतात. पहिल्याच वर्षी त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, मग इंटिग्रेशन येतं. पुढं पदवीला थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलासमोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभा राहतो, लाप्लास ट्रान्सफॉर्मसकट. शेजारच्या बाकावरच्यांचे एम-वन, एम-टू झालेले असतात, याचे नसतात. कितीतरी जणांचा विषय तिथंच राहतो.

एका मुलाची वही पाहत होतो. साइन, कोसाइनची सूत्रं तोंडपाठ. गाडी अडली ती ३/४ ला १/२ ने भागताना. दुसऱ्या गणितात कंस सोडताना वजाचं चिन्ह हरवलेलं. त्याला दहावीचं गणित येत नव्हतं असं नाही, त्याचे सातवीचे अपूर्णांक राहून गेले होते. बहुतेकांचं ‘कच्चं’ एवढंच असतं, आणि ते भरून निघतं.

प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत बरेच दिवस हाताशी असतात. बालभारतीची सहावी-सातवीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. पेरणीचे दिवस आहेत, घरात हात कमी पडतात, हे मला कळतं. तरी सकाळचा एक तास त्याला वावरात नेऊ नका. वही घेऊन बसू द्या.