'स्टॉकिंग' म्हणजे नेमकं काय? चेष्टेत वापरला जाणारा शब्द आणि कायद्यातला गुन्हा

'काल रात्रभर त्याचं प्रोफाइल स्टॉक केलं', 'तू मला स्टॉक करतोस का रे?' अशी वाक्यं आता मराठी गप्पांमध्येही सर्रास ऐकू येतात. एखाद्याचे जुने फोटो उत्सुकतेने चाळणं, एवढाच अर्थ त्यात अभिप्रेत असतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र हाच शब्द तुरुंगवासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यासाठी आहे.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत 'स्टॉक' हे क्रियापद शिकारीच्या संदर्भात वापरलं जायचं. सावजाला चाहूल लागू न देता दबक्या पावलांनी त्याच्या मागे जाणं, हा त्याचा अर्थ. माणसाने माणसाच्या मागे लागणं या अर्थाने तो पुढे रुळला. अमेरिकेत १९८९ मध्ये रेबेका शेफर या अभिनेत्रीचा तिच्या मागावर असलेल्या चाहत्याने खून केला. त्यानंतर १९९० मध्ये कॅलिफोर्नियाने स्टॉकिंगविरोधी कायदा केला.

मराठीत 'पाठलाग', 'पाळत ठेवणं', 'मागे लागणं' हे शब्द आहेत. पण 'पाठलाग' म्हटलं की रस्ता डोळ्यांसमोर येतो, मोबाइल नाही. आणि 'तो तिच्या मागे लागलाय' हे वाक्य तर अनेकदा कौतुकाने बोललं जातं. घोळ इथूनच सुरू होतो.

भारतातला कायदा काय म्हणतो?

दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा कलम ७८ मध्ये गेला. त्यात दोन गोष्टी आहेत.

पहिली : स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यानंतरही पुरुषाने तिचा माग काढत वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं.

दुसरी : तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादाच्या वापरावर नजर ठेवणं.

पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत, त्यानंतर ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, त्यानंतरचा अजामीनपात्र.

मग प्रोफाइल पाहणं गुन्हा आहे का?

सार्वजनिक पोस्ट एकदा पाहणं आणि कुणाच्या वापरावर सतत पाळत ठेवणं यांत फरक आहे. ब्लॉक केल्यावर नव्या खात्यावरून मेसेज पाठवत राहणं, पासवर्ड मिळवून चॅट वाचणं, फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणं, हे चेष्टेच्या पलीकडचं आहे. वस्तू शोधण्यासाठी बनवलेल्या ब्लूटूथ टॅगचाही असा गैरवापर झाला. म्हणूनच मे २०२४ मध्ये ॲपल आणि गुगलने अनोळखी टॅग सोबत फिरत असल्यास फोनवर इशारा देणारी सामायिक सुविधा आणली.

शब्द सैल वापरल्याने काय बिघडतं?

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला मागे लागलेल्या तरुणाने एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून दिलं. आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. प्रत्येक पाठलागाचा शेवट असा होत नाही. पण असा शेवट होण्याआधी बहुतेकदा पाठलाग झालेला असतो, आणि त्याच टप्प्यावर 'दुर्लक्ष कर' असा सल्ला मिळतो. रोजच्या बोलण्यात 'स्टॉकिंग' म्हणजे गंमत झाली, की खरी तक्रारही गंमतीवारी जाते.

त्रास होत असेल तर?

एकदा स्पष्ट शब्दांत लेखी नकार द्या. कायद्यात 'नापसंती स्पष्ट दाखवणं' महत्त्वाचं असल्याने तो मेसेज पुरावा ठरतो. ब्लॉक करण्याआधी तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. ऑनलाइन त्रासाची तक्रार केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते.