गलबताची वाट आणि शेताचा बांध

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरीही जहाजे सुखरूप बंदरात यावीत म्हणून योजिलेली एक युक्ती आज कृष्णाकाठच्या उसाच्या फडात पोचली आहे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील सलोखा तिच्यावर अवलंबून राहणार असल्याने तिचे मर्म सुशिक्षित वर्गाने तरी समजून घेतले पाहिजे.

उपग्रहांच्या संदेशांवरून पृथ्वीवरील स्थान काढता येते. परंतु उपग्रहाच्या घड्याळातील व कक्षेच्या गणितातील सूक्ष्म फरक आणि वातावरणात संदेशाला होणारा विलंब यांमुळे उत्तरात काही मीटरांची चूक राहते. मे २००० पूर्वी अमेरिका नागरी संदेशांत हेतुपुरस्सर दोष मिसळीत असे. तेव्हा ही चूक शंभर मीटरांच्या घरात जाई. अरुंद खाडीत शिरणाऱ्या जहाजाला हे परवडणारे नव्हते. उपाय निघाला तो साधा होता. ज्याचे स्थान काटेकोर मोजलेले आहे अशा किनाऱ्यावरील जागी यंत्र बसवावयाचे, उपग्रहांचे सांगणे आणि वस्तुस्थिती यांतील फरक काढावयाचा व तो रेडिओवरून जहाजांना कळवावयाचा. जवळपासच्या जहाजांच्या बहुतेक चुका त्याच असल्याने त्या वजा होतात. अंतर वाढेल तसा लाभ घटतो. अमेरिकेने आपली अशी सागरी केंद्रे २०२० पर्यंत बंद केली. तत्त्व मात्र जमिनीवर आले.

महाराष्ट्रात आता अशा ७७ स्थायी केंद्रांचे जाळे आहे. भूकरमापक 'रोव्हर' घेऊन शेतात उभा राहतो आणि केंद्राची दुरुस्ती त्याला मोबाईलवरून मिळते. संदेशलहरींच्या सूक्ष्म मोजणीमुळे चूक काही सेंटिमीटरांवर येते. हिशेब सोपा आहे. शंभर मीटर लांबीचा बांध पाच मीटर सरकला, तर पाचशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाच गुंठे, इकडचे तिकडे होतात. तीन सेंटिमीटर सरकला, तर अवघे तीन चौरस मीटर. दुरुस्तीविना उपग्रहापेक्षा जुनी तेहेतीस फुटी साखळीच बरी म्हणावी लागेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ही सोय दीपगृहासारखी आहे. एकाने दुरुस्ती घेतली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही. म्हणूनच तिचा लाभ दोन एकरवाल्यालाही मिळाला पाहिजे.

परंतु यंत्राची चूक सुधारली म्हणजे दप्तराची सुधारली असे नव्हे. जुने टिपण, एकत्रीकरणाचा गटनकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ नसेल, तर नवे यंत्र तो बेबनाव अधिक नेमकेपणाने दाखवील, मिटविणार नाही. पाटण-जावळीच्या दऱ्यांत डोंगर आकाश झाकतात आणि मोबाईलची लहरही दगा देते, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा मोजणीच्या वेळी दोन्ही लगतदार हजर असावेत, बिंदूंचे आकडे व त्यांतील संभाव्य चूक मराठीत लिहून दोघांनाही द्यावी आणि दप्तरातील विसंगती आधी निवारावी. ज्याचे स्वतःचे स्थान पक्के आहे तेच केंद्र दुसऱ्याची चूक दाखवू शकते. सरकारी दप्तरानेही प्रथम हीच कसोटी उतरली पाहिजे. नाहीतर बांधावरचा तंटा सेंटिमीटरांत मोजून न्यायालयात जाईल, इतकेच.