काळे हात आणि दोनशे रुपये

परवाच्या रविवारी सकाळी सात वाजता मी घरासमोर गाडी मेन स्टँडवर लावली, इंजिनाखाली जुनं घमेलं सरकवलं आणि जुनी लुंगी नेसून खाली बसलो. (सोलापुरात उन्हाळ्यात असली कामं सातलाच उरकावी लागतात. नंतर पाना हातात धरवत नाही.) शेजारचे एक काका फिरून परत येत होते. थांबले. दोन मिनिटं बघत राहिले.

"काय करलालास बे? गावातले फिटर संपले काय?"

"ऑइल बदलतोय काका."

"दोनशे रुपयासाठी?"

मी हसून विषय टाळला. पण ते "दोनशे रुपयासाठी?" दिवसभर डोक्यात राहिलं. तर मंडळी, आजचं हे भांडण काकांशी नाही, त्या प्रश्नाशी आहे.

मुळात मी या फंदात पडलो तो पैसे वाचवायला नाही. माझी गाडी 2009 सालची हिरो होंडा स्प्लेंडर. कितीतरी वर्षं मी ती एका गॅरेजला सोडायचो, संध्याकाळी आणायचो, बिल न वाचता खिशात कोंबायचो. एकदा सहज बिल वाचलं. त्यात होतं, "ऑइल फिल्टर, 1 नग". छान वाटलं. चला, फिल्टरपण बदलला.

पुढं महिन्याभरानं गाडीची माहितीपुस्तिका हाताला लागली (कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली!) आणि कळलं की या गाडीला बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतोच. आत एक जाळी असते. शिवाय क्रँकबरोबर गरगर फिरणारी एक वाटी असते, ती तेलातला गाळ कडेला फेकून धरून ठेवते. दोन्ही ठराविक अंतरानं साफ करायच्या असतात, बदलायच्या नसतात. म्हणजे जी वस्तू माझ्या गाडीत नाही, ती मी रोख पैसे देऊन बदलून घेतली होती. किती वेळा, देव जाणे.

राग आला. पण गॅरेजवाल्यावरचा राग दोन दिवसांत उतरला, स्वतःवरचा उतरेना. त्यानं फसवलं हे खरं. पण रोज जिच्यावर बायको-पोराला बसवतो, त्या गाडीच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, हेही तितकंच खरं.

1980च्या दशकातली ती हिरो होंडाची जाहिरात आठवते? 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. त्यांचं म्हणणं मायलेजपुरतं होतं. आपण मात्र तेवढं शेवटचं 'विसरून जा' उचललं आणि सगळ्या गाडीला लावलं. नंतर फ्रीजला लावलं, पाण्याच्या मोटरला लावलं, घराच्या वायरिंगलाही लावलं. बिघडलं की कुणालातरी बोलवायचं, पैसे फेकायचे आणि तो गेला की "लुबाडतात हो हे लोक" म्हणायचं. माहिती करून घ्यायची नाही आणि विश्वासही ठेवायचा नाही. ही कुठली रीत?

बरं, काम तरी केवढं? इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवायचं, म्हणजे तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर येतं. फार तापवायचं नाही, हात भाजतो. खालचा बोल्ट सतरा नंबरच्या पान्यानं सैल करायचा, वरचं झाकण उघडायचं आणि दहा मिनिटं चहा प्यायचा. मग बोल्टचा वॉशर बघायचा, चेपला असेल तर नवा घालायचा. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. पाना फक्त शेवटी, आणि तोही बेतानं. इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं असतं. ताकद दाखवली की आटे गेलेच म्हणून समजा. नवं तेल पुस्तिकेतल्या मापानं घालायचं, बाटली रिकामी होईस्तोवर नाही. इंजिन जरा चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं आणि डिपस्टिक नुसती टेकवून (आटे न फिरवता) दोन खुणांच्या मध्ये तेल दिसतंय का ते बघायचं. झालं. ज्यांच्या गाडीला खरोखर फिल्टर आहे (पल्सर, बुलेटवाले), त्यांनी झाकणाचे बोल्ट काढून तो बदलायचा आणि त्याची रबरी रिंग नीट बसवायची. नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर मात्र कंपनीच्या सर्व्हिसलाच जा, उगाच शहाणपणा नको.

आणि हो, कारचं उरलेलं ऑइल घालू नका. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत तेच एक तेल इंजिनाला, गिअरला आणि क्लचलाही लागतं. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरायला लागतो. म्हणून बाटलीवर 'जासो एमए' हे मानक आहे का ते बघायचं. ही एक ओळ माहीत नसल्यामुळं कितीजणांनी चांगल्या क्लचप्लेटा बदलल्या असतील!

आता तुमचे आक्षेप. "फिटरच्या पोटावर पाय देतोस." अजिबात नाही. क्लच, व्हॉल्व्ह, ती फिरणारी वाटी, हे सगळं अजून त्याच्याकडंच जातं. फरक इतकाच की आता तो काय करतोय ते मला समजतं. स्वतः एकदा आटलेल्या बोल्टशी झटलो, तेव्हापासून त्याच्या मजुरीत घासाघीस करायची लाज वाटते.

"वेळ कुठाय?" अर्धा तास. रविवारी सकाळी तेवढा वेळ आपण मोबाईलवर सहज घालवतो.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र माझी बोलती बंद होते. "त्या काळ्या तेलाचं काय करतोस?" खरं सांगतो, पहिल्या वेळी मी ते मागच्या गटारीत ओतलं. बादलीभर पाणी टाकलं आणि मोकळा झालो. चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघण्यात वर्षं काढलेल्या या गावात! आमचे नाले सीनेच्या खोऱ्यातले. सीना पुढं हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. संगमावर जाऊन हात जोडणारा मी, आणि गटारीत ऑइल ओतणारा तोही मीच. वापरलेलं तेल 2016च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून तर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. कायदा झाला, पण घमेलं माझ्या हातात आहे. तेव्हा आता मी ते रिकाम्या बाटलीत भरतो, झाकण घट्ट लावतो आणि ज्याच्याकडं जुन्या ऑइलचं पिंप आहे आणि ते नेणारा माणूस ठरलेला आहे, अशा गॅरेजला देऊन येतो. दाराला वाळवीसाठी फासत नाही, कुणाला फासू देत नाही. हातमोजेही घालतो, कारण हे तेल वर्षानुवर्षं कातडीला लागणं चांगलं नाही. एवढं करायची तयारी नसेल तर खुशाल गॅरेजला जा. अर्धं काम करणाऱ्यापेक्षा न करणारा बरा.

असो. काकांचं राहिलंच. त्यांच्या प्रश्नात पैसा नव्हताच. शिकलेल्या माणसानं, ऑफिसात बसणाऱ्यानं, रस्त्यावर बसून हात काळे करावेत, हे त्यांना खुपलं होतं. आईलाही खुपलं. मी आत आलो तर ती माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "तुझे आजोबा असेच यायचे."

आजोबा गिरणीत मागांना तेल घालायचे. भोंगा झाला की निघायचे आणि परत आले की अंगणात साबण आणि मातीनं हात घासायचे. तरी नखांतलं काळं जायचं नाही. पोरांचे हात असे होऊ नयेत म्हणून त्यांनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला. त्या शिक्षणाचा मी अर्थ काय लावला? की काळे हात ही शरमेची गोष्ट आहे. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. दुसरा रस्ताच नाही म्हणून हात काळे करावे लागू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

आईनं पुढं काही न बोलता मोरीवर साबण आणि नारळाची शेंडी ठेवली. नखांतलं काळं सोमवारी ऑफिसातही होतं. एकानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ का बघायला?"

या म्हटलं. घमेलं आहे, सतरा नंबरचा पाना आहे. रिकामी बाटली तेवढी घेऊन या.