कारण : लग्न

स्थलांतराचा विषय निघाला की आपल्याकडे एकच चित्र उभं राहतं : गोरखपूरहून आलेली गाडी, कल्याणला उतरलेला तरुण, खांद्यावर बॅग, खिशात गाववाल्याचा नंबर. राजकीय सभेत हे चित्र चालतं, ते समजण्यासारखं आहे. पण विद्यापीठातले प्रबंधही पुष्कळदा तिथूनच सुरू होतात. आधी हद्द आखायची, मग ती ओलांडणारा माणूस शोधायचा. तो पुरुष असायचा आणि त्याला काम हवं असायचं. कल्याणच्या शेजारच्या ठाकुर्लीत राहणाऱ्याला हे चित्र पटणं अवघड आहे, आणि आकड्यांनाही ते पटत नाही.

आकडे जुने आहेत, पण हाताशी तेच आहेत. २०११ च्या जनगणनेत पूर्वीचं राहतं ठिकाण सोडून आलेले ४५ कोटींहून अधिक लोक निघाले. त्यांतले राज्याची हद्द ओलांडलेले सुमारे बारा टक्के. बाकीचे आपापल्या राज्यातच, त्यातही बहुतेक आपल्याच जिल्ह्यात हललेले. एकूण स्थलांतरितांमध्ये दोन तृतीयांशांहून जास्त बायका. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत बायकांमध्ये स्थलांतरितांचं प्रमाण ४७.९ टक्के आलं, पुरुषांमध्ये १०.७. म्हणजे या देशात स्थलांतरित म्हणून कुणा एकाचा फोटो छापायचाच असेल, तर तो शेजारच्या तालुक्यातून आलेल्या बाईचा छापायला हवा. तिच्या नावापुढे कारण लिहिलेलं असतं : विवाह.

हे काही नवं ज्ञान नव्हे. रॅव्हेन्स्टाइनने १८८५ साली लंडनमध्ये स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच त्याने ब्रिटनच्या जनगणनेवरून सांगून ठेवलं होतं की बहुतेक माणसं जवळच्या जवळ हलतात, प्रत्येक लोंढ्याला उलटा लोंढा असतो आणि कमी अंतराच्या हालचालीत बायका पुरुषांच्या पुढे असतात. गृहस्थ स्वतः फ्रँकफर्टहून इंग्लंडात गेलेला! त्याचे नियम आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो आणि चर्चासत्रात बसलो की विसरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : लग्न होऊन सासरी येणं ही घरातली बाब, तिला अर्थशास्त्रात कशाला ओढायचं? त्यासाठी संध्याकाळी सातच्या पुढे ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या कुठल्याही पोळी-भाजी केंद्रात डोकवावं. आत एकजण कणीक तिंबते, दोघी लाटतात, एक दोन तव्यांपाशी उभी. बाहेर स्लो लोकलमधून उतरलेल्या नोकरदार बायका रांगेत, खांद्याला ऑफिसची पर्स, ‘दहा पोळ्या आणि पाव किलो भाजी द्या’ म्हणत. आत लाटणारी संगमेश्वरकडची, बाहेर घेणारी वाईची किंवा लालबागची. आतलीच्या लाटण्यावर बाहेरचीची नोकरी उभी आहे, आणि बाहेरचीच्या पगारावर आतलीची चूल. मुंबई ज्या श्रमावर चालते त्यातला मोठा वाटा या दोघींचा. सरकारी कागदावर मात्र दोघी आल्या त्या फक्त लग्नामुळे.

कुणी म्हणेल, जनगणनेत कामाचा प्रश्न वेगळा असतोच की. दोन्ही माहिती जोडणारे तक्तेही निघतात. निघतात, खरं आहे. पण येण्याचं कारण एकच लिहायचं असतं, आणि कामाच्या रकान्यात घरबसल्या पोळ्या किंवा मोदक करून देणारी बाई सर्रास ‘घरकाम’ होऊन बसते. सांगणारा बहुधा घरचा कर्ता पुरुष असतो, हे तर वेगळं सांगायलाच नको. मग अहवाल कारणाचा तक्ता उचलतो, वर्तमानपत्र अहवाल उचलतं, आणि बाईचं स्थलांतर अर्थव्यवस्थेच्या बाहेर जातं. इंद्राणी मजुमदार, नीता एन. आणि इंदू अग्निहोत्री या अभ्यासकांनी २०१३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. त्यानंतरही धोरणाच्या कागदांवर फारसा ओरखडा उमटलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक. पाणी पुरत नाही, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि हे सगळं बाहेरच्यांमुळे. गर्दी खोटी नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून माणसं पडून मेली. पण सकाळी आठला ठाकुर्लीच्या फलाटावर कोण उभं असतं ते बघा. फास्ट इथे थांबत नाही. स्लोमध्ये शिरता येत नाही, म्हणून कित्येकजणी आधी उलट्या कल्याणला जातात आणि डाऊन करून, जागा धरून येतात. गळ्यात ऑफिसचं कार्ड, पर्समध्ये पास, डोक्यावर घराचा हप्ता. नोकरी मुंबईत आणि परवडणारं घर चाळीस-पन्नास किलोमीटरवर, या हिशेबाची ही गर्दी आहे.

त्याच हिशेबाचा दुसरा पुरावा जनगणनेतच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही घटले. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. उत्तरेतून माणसं आली, नाकारायचं कारण नाही. पण १९८२ च्या गिरणी संपानंतर खोली विकून मागे मागे सरकत आलेली मराठी कुटुंबंही याच वाढीत आहेत. त्यांना कुणी स्थलांतरित म्हटलं तर ती रागावतील. ठाकुर्लीतल्या चोळेगावच्या आगरी म्हाताऱ्याला विचारलं तर त्याच्या लेखी लालबागवाले आणि लखनौवाले दोघेही नंतरचेच.

आणि हद्दींचंच म्हणाल, तर आपल्या शेजारीच उल्हासनगर आहे. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं. १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळालं. रिक्षावाला आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतो, पण त्या माणसांना आता कुणी निर्वासित म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय सीमेचा प्रश्न तिथे पिढी-दोन पिढ्यांत निवला. भाडेकरूच्या आडनावावरून सोसायटीत होणारी कुजबुज अजून निवलेली नाही, आणि तिच्यावरचा प्रबंध निदान माझ्या वाचनात आलेला नाही.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार : सगळ्याच हालचालीला स्थलांतर म्हटलं तर मोजायचं काय? नियम हवा, कबूल. पण आताचा नियम काय करतो ते पाहा. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कामासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला तो अल्पकालीन स्थलांतरित. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या आसपास उचल घेऊन निघते. हंगाम लांबला आणि सहा महिने भरले की त्या चौकटीतून बाहेर. माणसं तीच, कोयता तोच, फक्त कारखान्याचा पट्टा उशिरा पडला.

चांगलं संशोधन झालेलं नाही असं नाही. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात गिरणी कामगाराला गावातून ढकललेला, शहरात पुरता न रुजलेला माणूस ठरवलं होतं. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी दाखवून दिलं की गावाशी टिकवलेला धागा हाच त्याचा संपातला आधार होता. हेमलता दांडेकरांनी वाई तालुक्यातल्या सुगावचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा माग काढला, आणि मुंबईला गेलेल्या पुरुषांइतकंच गावी राहिलेल्या बायकांकडे पाहिलं. या दोघांनी हद्दीवर उभं राहून माणसं मोजली नाहीत. घर धरलं, आणि त्या घरातून कोण कुठे जातं, कोण परत येतं, पैसा कुठल्या दिशेने वाहतो, हे विचारलं. स्थलांतराच्या अभ्यासाचं एकक घर असायला हवं, असं माझं म्हणणं आहे. तिथे सून, चाकरमानी, गणपतीला गावी जाणारा आणि रोज ठाकुर्लीहून भायखळ्याला जाणारा एकाच हिशेबात येतात.

येत्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ आहे. नोंदी मोबाइलवर होणार आहेत, त्यामुळे छापील फॉर्मवर जागा नाही ही सबब उरत नाही. ‘येण्याचं कारण’ या प्रश्नाखाली दुसरं कारण लिहिण्याची सोय हवी, आणि त्याखाली ‘आल्यानंतर पैसे मिळणारं कुठलं काम केलं, घरातलं धरून’ हा प्रश्न हवा. उत्तर त्या बाईकडूनच घ्यावं, कर्त्याकडून नव्हे. जनगणनेला ते जमत नसेल तर गोवंडी स्टेशनजवळच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने नमुना पाहणी करावी. कुर्ल्याला एकदा गाडी बदलली की ठाकुर्ली. फक्त सात ते नऊच्या मध्ये येऊ नये, तेव्हा पोळ्यांची घाई असते.