नरक्या : झाड आणि औषध

आपल्या सीमाभागात निपाणीकडे तंबाखू पिकते, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या रानांत नरक्या नावाचे लहानसे झाड वाढते. तंबाखूने कर्करोग होतो हे सर्वश्रुत आहे. कर्करोगावरील औषधाचे मूळद्रव्य नरक्यात सापडते, हेही खरे. मात्र या दुसऱ्या सत्याचा भलताच अर्थ लावला जातो, म्हणून आम्ही आज हा विषय घेत आहोत.

या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून ते वेगळे करून १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी हे मूळचे खानदेशातील नंदुरबारचे. पुढे १९७२ साली हेच द्रव्य आपल्या नरक्यातही आढळले.

पेशीचे विभाजन होताना तिच्यातील पिळदार डीएनएचा एक धागा क्षणभर तुटून पुन्हा जुळतो. कॅम्प्टोथेसिन ही जुळणी अडवते आणि पेशी मरते. हे मर्म १९८५ साली उमगले. त्यापूर्वीच, १९७० च्या सुमारास, ते रुग्णांना देऊन पाहण्यात आले होते. ते पाण्यात विरघळत नसल्याने त्याचा क्षार करून टोचला, तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयाला इतकी इजा झाली की प्रयोग थांबवावे लागले. नंतर रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे सिद्ध झाली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली ती १९९६ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी!

घरात हे दुखणे शिरले की माणूस सैरभैर होतो आणि कोणी सांगितलेला सालीचा काढाही अमृत वाटू लागतो. परंतु हे द्रव्य रक्त निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेच्या व आतड्याच्या निरोगी पेशींनाही सोडत नाही. डॉक्टर शरीराच्या मापाने मात्रा ठरवतात, वरचेवर रक्त तपासतात. काढ्यात किती द्रव्य उतरले, हे कोण मोजणार? शिवाय या मागणीपायी आंबोली-चंदगडकडील रानांत नरक्याची चोरटी तोड होत आली आहे, ती वेगळीच.

तेव्हा वाचकहो, नव्या द्रव्याची वार्ता कानी आली, तर ते रुग्णांवर कसोटीला उतरले आहे काय, एवढे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि घरात एखादा काढा चालू असेल, तर तो त्यांच्यापासून मुळीच लपवू नये.