खलनायकाची कैफियत

अमेरिकेत १९४० साली ‘बॅटमॅन’ या कॉमिकच्या पहिल्याच अंकात जोकर हा खलनायक अवतरला, तेव्हा तो कोण, कुठला आणि असा का झाला, हे सांगण्याची गरज त्याच्या निर्मात्यांना भासली नव्हती. पांढराफटक चेहरा, हिरवे केस आणि विकट हास्य एवढे भांडवल त्याला पुरेसे होते. १९५१ मध्ये त्याच्या पूर्वायुष्याची एक कहाणी आली. परंतु त्या कहाणीला करुणेची झालर लावली ती १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द किलिंग जोक’ने. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार ब्रायन बॉलंड या दोघा ब्रिटिशांची ही कृती आज भारतीय घरांतील मुलांच्याही हाती सहज पडते. त्यामुळे तिच्यातील विचाराची दखल घेणे अगत्याचे ठरते.

कथा अशी. रासायनिक कारखान्यातील नोकरी सोडून लोकांना हसविण्याचा व्यवसाय करू पाहणारा एक तरुण त्यात सपशेल अपयशी ठरतो. घरी गरोदर पत्नी आणि पैशांची भ्रांत. नाइलाजाने तो दोघा चोरांना त्या कारखान्यातून वाट दाखविण्याचे कबूल करतो. नेमक्या त्याच दिवशी घरातील अपघातात पत्नी दगावल्याची वार्ता येते. तो मागे फिरू पाहतो. चोर त्याला फिरू देत नाहीत. पहारेकऱ्यांचा गोळीबार, समोर उभा ठाकलेला बॅटमॅन, विषारी सांडपाण्यात घेतलेली उडी आणि त्यातून बाहेर येतो तो जोकर. वाचकाचे मन हेलावते, आणि ते हेलावणे स्वाभाविकच आहे.

मात्र या दुःखाच्या बळावर जोकर एक सिद्धान्त मांडतो. सज्जन आणि दुर्जन यांच्यात एका दुर्दिनाचेच अंतर असते, हा तो सिद्धान्त. तो सिद्ध करण्यासाठी गॉथम नगरीचे पोलीस आयुक्त जेम्स गॉर्डन यांच्या घरी जाऊन तो त्यांची कन्या बार्बरा हिच्यावर गोळी झाडतो. पित्याला पळवून नेतो, त्यांची विटंबना करतो आणि घायाळ मुलीची छायाचित्रे त्यांना बळेच पाहावयास लावतो. अपेक्षा ही, की हा मनुष्यही वेडा होईल.

गॉर्डन वेडे होत नाहीत. सुटका होताच ते बॅटमॅनला बजावतात, की जोकरला पकडायचे ते कायद्याच्या चौकटीत राहूनच. सूडाचा पूर्ण अधिकार ज्याला आहे असे कोणीही म्हणेल, तोच पिता नियमाचा आग्रह धरतो. जोकरचा सिद्धान्त त्या एका आग्रहाने कोसळतो. त्यातच, स्वतःचा भूतकाळ आपल्याला कधी एक तर कधी दुसराच आठवतो, अशी कबुली जोकर देऊन बसतो. म्हणजे जी कैफियत ऐकून वाचक द्रवला, तिचा साक्षीदारही भरवशाचा नाही!

तथापि कथेतील हा युक्तिवाद मागे पडला आणि खलनायक तेवढा लोकांच्या स्मरणात राहिला. पुढे मूर यांनी स्वतःच या कृतीविषयी नापसंती व्यक्त केली. बार्बरेची बाजू तर कथेत जवळजवळ नाहीच. ज्याने गोळी झाडली त्याला जीवनचरित्र मिळाले. जिला ती लागली तिच्या वाट्याला केवळ जखम आली. ही उणीव १९८९ पासून किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकद्वयाने भरून काढली. चाकांच्या खुर्चीत बसूनही संगणकाच्या साह्याने इतर वीरांना दिशा देणारी ‘ओरॅकल’ म्हणून त्यांनी बार्बरेला नव्याने उभे केले. एका दुर्दिनानंतर मनुष्य काय होऊ शकतो, याचे खरे उत्तर तेथे आहे. पण २०१९ मध्ये शंभर कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविणारा चित्रपट निघाला तो जोकरवर.

दुष्टाच्या दुःखाची जाण भारतीय मनाला नवी नाही. द्रोणाचार्यांचा वध कपटाने झाला, हे महाभारत लपवीत नाही. अश्वत्थाम्याचा शोक तेथे खराच आहे. परंतु त्या शोकाच्या भरात त्याने निद्रिस्त वीरांना आणि द्रौपदीच्या पाच पुत्रांना मारले, तेव्हा व्यासांनी त्याला क्षमापत्र दिले नाही. मस्तकावरचा मणी गमावून तो भटकत राहिला, आणि जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा मराठी लोकमानसात आजही आहे. त्याची कीव येते, पण त्याचे कृत्य कोणी न्याय्य मानीत नाही. कारण समजणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे, हा विवेक त्या कथनातच मुरलेला आहे.

पालकांनी मुलांच्या हातून अशी पुस्तके हिसकावून घेण्याने काही साधणार नाही. मूळ कृती प्रौढांसाठी आहे, याचे भान ठेवावे आणि जाणत्या वयाच्या मुलांबरोबर ती स्वतः वाचावी. जोकर असा का झाला, हे मुले आपणहून सांगतील. मग त्यांना एवढेच विचारावे : गॉर्डन तसे का झाले नाहीत? आणि बार्बरेचे पुढे काय झाले? हे दोन प्रश्न ज्या घरात विचारले जातात, तेथील मुलांना खलनायकाच्या जन्मकथेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.